गाडीची नाडी

कर्जतहून कशेळेमार्गे खांडसला, म्हणजे भीमाशंकरच्या पायथ्याला जाणारी जीप चढावर तापली, तर ड्रायव्हर ती बाजूला घेतो. जरा थंड झाली की रेडिएटरमध्ये पाणी ओततो, तोवर आपला चहा होतो. मित्रांनो, लष्कराच्या ट्रकला ही चैन परवडत नाही. अरुंद घाटात एक ट्रक बंद पडला की मागचा अख्खा ताफा अडतो आणि पुढच्या चौकीचं रेशनसुद्धा.

म्हणून गाडीचीच नाडी सतत बघायची. ऑइलचा दाब, कूलंटचं तापमान, बॅटरीचं व्होल्टेज, डिझेलची पातळी मोजायला सेन्सर असतात. त्यांचे आकडे 'कॅन बस'च्या दोन तारांवरून धावतात. बॉश कंपनीने ही पद्धत १९८६ मध्ये मांडली. लष्करी गाड्यांवर संशोधन करणारी डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्था तर आपल्याच अहिल्यानगरला आहे.

डॅशबोर्डवरचा लाल दिवा मर्यादा ओलांडल्यावरच पेटतो. माझ्या मते खरी गंमत आहे ती कल बघण्यात. चढ तोच, वजन तेवढंच, हवाही तशीच, तरी कूलंट दर फेरीला थोडं जास्त तापतंय? मग रेडिएटर चोंदत असेल किंवा पंप थकला असेल. पार्ट आधीच मागवता येतो.

डिझेलचं मात्र त्रांगडं आहे. चढावर टाकीतलं तेल एका बाजूला सरकतं आणि फ्लोट चक्क खोटं बोलतो! इंजिनने किती जाळलं त्या हिशोबाशी ताळा घ्यावा लागतो, तेव्हा कुठे टँकर किती पाठवायचे ते ठरतं.

आणि हे सगळं रेडिओवरून सतत पाठवलं, तर ताफा शत्रूलाही सापडतो. त्यापेक्षा आकडे गाडीतच साठवून मुक्कामावर वायर लावून उतरवावेत. वाटेत फक्त गाडी अडणार असेल तेवढीच खबर, तीही सांकेतिक आणि क्षणभरात.