बोटीवरची पहिली दुपार

"ताई, बोटीत चढल्यावर आधी काय करायचं हो?" आमच्या बचत गटातल्या एकीनं मागच्या महिन्यात विचारलं. तिच्या मुलानं मुंबई-गोवा बोटीची तिकिटं काढलीत. बरोबर दोन नातवंडं आहेत, एक पाच वर्षांचं, एक आठ. आमचं घर अशा बोटीवर एकदा जाऊन आलंय, म्हणून गटात मी जाणकार! खरं सांगायचं तर आमची पहिली दुपार निम्मी चुकलेलीच होती. ते चुकलेलंच तिला सांगितलं आणि तेच इथे लिहितेय.

नारायण पेठेतल्या मुलांना पाणी माहीत कुठलं, तर खडकवासल्यातून सोडलेलं, भिडे पुलावरून वाहणारं. ते बघायला छत्र्या घेऊन जायचं, आजीचा हात धरून लांब उभं राहायचं. समुद्र वर्षा-दोन वर्षांनी कधीतरी. त्यामुळे बोटीचं नाव काढल्यापासून घर डोक्यावर घेतलेलं. आम्ही सात माणसं. मी, हे, आमची तेरा वर्षांची सई, धाकटी जाऊ, भाऊजी, त्यांचा सहा वर्षांचा चिकू आणि आमच्या सासूबाई. आईंचं माहेर कोकणातलं. त्या लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीनं गावी जायच्या. बोट खोल पाण्यात थांबायची आणि माणसं पडावात उतरवायची, हे त्या आम्हाला दहादा सांगून चुकलेल्या.

जावेनं आणि मी पंधरा दिवस याद्या केल्या. मुलांचे कपडे, टोप्या, खाऊ, संध्याकाळच्या फोटोसाठी एका रंगाचे ड्रेससुद्धा! (इस्त्री घेतली होती, ती तपासणीत बाहेर काढली. बोटीवर आगीच्या भीतीनं इस्त्री, किटली चालत नाही. नियम आधी वाचावेत, आम्ही वाचले नव्हते.) पण एक गोष्ट दोघींच्याही यादीत नव्हती. दुपारी किती ते किती चिकूकडे कोण बघणार, ती.

सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन, साडेदहाच्या सुमारास सीएसएमटी, तिथून टॅक्सीनं बंदरावर. हे सगळं छान पार पडलं. बंदरावर मोठ्या बॅगा काढून घेतात आणि त्या खोलीशी पोचायला संध्याकाळ होते. खोलीसुद्धा चढल्या चढल्या मिळेलच असं नाही. म्हणून, मैत्रिणींनो, एक लहान पिशवी स्वतःच्या खांद्यावर ठेवा. त्यात मुलांचे पोहण्याचे कपडे, एकेक बदलायचा जोड, औषधं, आधार कार्डं. आईंच्या बीपीच्या गोळ्या आमच्या मोठ्या बॅगेत गेल्या होत्या. दुपारची गोळी रात्री मिळाली.

चढल्यावर प्रत्येकाला एक कार्ड देतात. तेच खोलीची किल्ली, तेच पाकीट. चिकूचं कार्ड हरवायला नको म्हणून जावेनं स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं. मीही म्हटलं, बरं केलंस.

मग जेवणाची गर्दी. ताटं, आईंसाठी खुर्ची, सईचा फोटो, भाऊजींचं "अरे, इकडून समुद्र बघा!" मला वाटलं चिकू जावेजवळ आहे, जावेला वाटलं भाऊजींजवळ, भाऊजींना वाटलं आजीजवळ. आणि आजी विचारतात, "चिकू जेवला का?"

पुढची पंधरा मिनिटं मी कधी विसरणार नाही. अकरा-बारा मजल्यांची बोट, प्रत्येक मजल्यावर तसाच गालिचा, तशीच दारं, तशाच लिफ्ट. जाऊ पोहण्याच्या तलावाकडे धावली, कारण पहिलं मनात तेच येतं. हे जिन्याकडे गेले. मी स्वागत कक्षाशी जाऊन सांगते तर तोंडातून शब्द फुटेना. बोट अजून धक्क्यालाच आहे, एवढाच काय तो धीर.

चिकू सापडला दोन मजले खाली. दुसऱ्या मुलांच्या मागे लिफ्टमध्ये शिरला होता, ती उतरली तसा उतरला. खालच्या मजल्यावर आमच्या खोलीसारख्याच दारासमोर उभा राहून रडत होता. तिथल्या एका कर्मचारी मुलीनं त्याला विचारलं, "कुठे राहतोस?" त्यानं खडखडीत पाठ म्हणून दाखवलं, "नारायण पेठ, पत्र्या मारुतीजवळ, पुणे तीस!" घरचा पत्ता आम्ही त्याच्याकडून घोकून घेतला होता. खोलीचा नंबर कुणी सांगितलाच नव्हता. ती मुलगी हसली आणि त्याला कडेवर घेऊन वर आली.

म्हणून गटातल्या त्या मैत्रिणीला मी सांगितलं, चढल्यावर जेवणाच्या आधी दहा मिनिटं काढ. कार्ड दोरीत अडकवून नातवंडांच्या गळ्यात घाल. मजला आणि खोलीचा नंबर दोघांकडून तीनदा म्हणून घे. एक जागा ठरव, सगळ्यांना सहज ओळखू येईल अशी, चुकलो तर तिथेच यायचं नि हलायचं नाही. किनारा सुटला की काही वेळानं मोबाईलची रेंज जाते, तेव्हा 'फोन करू' यावर राहू नको. आणि मोठ्यांच्या पाळ्या लाव, तासातासाच्या. माझ्या पाळीत मी मुलाला बघायचं, फोटो काढायचे नाहीत. तलावाशी तर हे हवंच. पाण्यातल्या लहान मुलाची जबाबदारी बोटवाले घेतील हे धरून चालू नये. खोलीला सज्जा असेल तर खुर्च्या कठड्यापासून लांब. मुलांच्या खेळघराची नोंदणीही त्याच दुपारी उरकून घे, आणि तिथून मुलाला कोण घेऊन जाऊ शकतं ते लिहून दे.

दुपारनंतर भोंगा झाला. सात लहान, एक मोठा. जगभर बोटीवर धोक्याची खूण हीच. सगळ्यांनी आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं, त्याला मस्टर स्टेशन म्हणतात, आणि लाइफ जॅकेट कसं घालायचं ते शिकायचं. सई म्हणाली, "आई, आत्ता तर तलावात गर्दी कमी आहे, आपण नंतर जाऊ." आजूबाजूचे बरेच जण तसंच म्हणत होते. चिकूचं प्रकरण घडलं नसतं तर कदाचित मीही हो म्हटलं असतं.

घरी आल्यावर याबद्दल वाचलं. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिग्लिओ बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही चार हजारांवर माणसं असलेली बोट खडकाला घासून कलंडली. ३२ जण गेले. त्याच संध्याकाळी चढलेल्या काही शे प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. तेव्हाच्या नियमानं ती चोवीस तासांत घेतली तरी चालायचं. १ जानेवारी २०१५ पासून नियम बदलला. आता लांबच्या प्रवासाच्या बोटींवर सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर ती घ्यावीच लागते. पहिली दुपार त्यासाठी मोडते ती अशी.

आई मात्र सगळ्यांच्या आधी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. "मला घालून बघू दे," म्हणून त्यांनी जॅकेट मागून घेतलं, पट्टे स्वतः आवळले आणि चिकूला म्हणाल्या, "बघ, शिट्टी इथे आहे." त्यांच्या माहेरी 'रामदास' बोटीचं नाव दबक्या आवाजात घेत. १७ जुलै १९४७ ला ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काश्याच्या खडकाजवळ पावसाळी लाटांत उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. आईंना ते नुसतं ऐकून माहीत, पण पाण्यावर जाताना त्या आजही आधी तेच आठवतात.

हे सगळं मोठ्या बोटीपुरतंच आहे असं नका समजू. आपल्यातल्या बहुतेकींची बोट म्हणजे शाळेच्या सहलीबरोबर घारापुरीची लाँच, नाहीतर मांडव्याची. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि पंधरा जण गेले. तेव्हा बऱ्याच प्रवाशांच्या अंगात जॅकेट नव्हतं. लाँचमध्ये बसलात की मुलाच्या मापाचं जॅकेट मागा. "काकू, अर्ध्या तासाचाच रस्ता आहे," असं कुणी म्हणालं तरी मागा. हसले तर हसू देत.

संध्याकाळी बोट सुटली. सगळे वरच्या डेकवर. उजव्या हाताला गेटवे, ताज, मग कुलाब्याचं टोक, पुढे प्राँग्जचा दीपस्तंभ. एका रंगाचे ड्रेस बॅगेतच राहिले, कारण बॅगा अजून आल्या नव्हत्या. थोड्या वेळानं बोट हलायला लागली तशी जाऊ पिवळी पडली. बोट लागली तिला. आईंनी कनवटीची आवळासुपारी काढून दिली आणि लांब क्षितिजाकडे बघत बस म्हणाल्या.

तोवर चिकूचा बाबा पाळीवर होता. चिकू येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून गळ्यातलं कार्ड दाखवत होता आणि न विचारताच खोलीचा नंबर सांगत होता. शेवटी पुढे जोडायचाच, "नारायण पेठ, पुणे तीस."