विश्लेषण : फराळातला ‘एक तुकडा’ही का चालत नाही? सिलिअ‍ॅक आजार आणि सणाचे ताट

गौरी-गणपतीला पुरणपोळी, दसऱ्याला आणखी काही गोड, दिवाळीला करंज्या-शंकरपाळे. सणाच्या पंगतीत आग्रह हा ठरलेलाच. कुणाला पथ्य असले, तरी ‘आजच्या दिवस एक तुकडा खाल्लास तर काय होते?’ असे प्रेमाने विचारले जाते. मधुमेही व्यक्ती डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रमाण सांभाळून एखादा घास घेऊ शकते. सिलिअ‍ॅक आजार असलेल्यांना मात्र तेवढीही सूट नसते. असे का, गहू ताटात कुठून येतो आणि घरच्यांनी काय करावे, याविषयी...

सिलिअ‍ॅक आजार म्हणजे नेमके काय?

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाची प्रथिने असतात. कणीक मळल्यावर तिला ताण येतो, पोळी न फाटता लाटता येते, ती ग्लूटेनमुळेच. सिलिअ‍ॅकच्या रुग्णांत ग्लूटेन पोटात गेले, की शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतील बाजूस असलेले, अन्नरस शोषून घेणारे बारीक उंचवटे त्यामुळे झिजून सपाट होतात. म्हणजेच ही केवळ ‘गहू न पचण्याची’ तक्रार नाही.

परिणाम फक्त पोटापुरते राहत नाहीत. लोह शोषले न गेल्याने रक्तक्षय होतो, कॅल्शियमअभावी हाडे ठिसूळ होतात, मुलांची उंची आणि वजन खुंटते. यावर औषध नाही. आयुष्यभर ग्लूटेन पूर्ण टाळणे, हाच उपचार.

गव्हाशी असलेला संबंध कसा उलगडला?

नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाविषयी शंका दुसऱ्या महायुद्धापूर्वीच आली होती. १९४४-४५च्या हिवाळ्यात तेथे भीषण अन्नटंचाई झाली आणि पाव मिळेनासा झाला. त्या काळातील अनुभवाने त्यांची शंका बळावली. पुढे पद्धतशीर निरीक्षणे करून त्यांनी १९५०मध्ये हा संबंध प्रबंधातून मांडला.

भारतात हा आजार आहे का?

आहे. याविषयीचा एक बहुप्रादेशिक अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्य भारतात ०.८७ टक्के आणि दक्षिण भारतात ०.१० टक्के लोकांच्या रक्तात या आजाराशी निगडित प्रतिपिंडे आढळली; प्रत्यक्ष आजाराचे प्रमाण त्याहून कमी होते. जवळच्या नातेवाईकाला तो असल्यास धोका वाढतो. निदानासाठी आधी रक्ततपासणी करतात आणि गरजेनुसार एंडोस्कोपीतून आतड्याचा तुकडा तपासतात. शंका आली म्हणून तपासणीआधीच गहू बंद करू नये. तसे केल्यास आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो.

‘एक तुकडा’ म्हणजे किती?

साधे गणित करून पाहू. ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीत साधारण दोन ते तीन ग्रॅम, म्हणजे २,००० ते ३,००० मिलिग्रॅम ग्लूटेन असते. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटात गेले, तर रुग्णाच्या आतड्याला इजा होऊ शकते, असे अभ्यासात दिसले आहे. हे प्रमाण पोळीच्या चाळिसाव्या ते साठाव्या भागाएवढे, म्हणजे ताटाच्या कडेला उरणाऱ्या चुऱ्याइतके. आपल्याकडे ‘ग्लूटेनमुक्त’ असे लिहिण्यासाठी पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, यावरून नियम किती काटेकोर आहे ते कळते.

गैरसमज इथेच होतो. करंजी खाल्ल्यावर काही रुग्णांना लगेच उलट्या-जुलाब होतात, पण अनेकांना त्या दिवशी काहीच जाणवत नाही. मग ‘बघ, काही झाले नाही’ म्हणत पुढच्या सणाला दुसरा तुकडा वाढला जातो. आतड्यातली इजा मात्र त्रास न होताही होत असते.

फराळात गहू कुठे असतो?

शंकरपाळे, चिरोटे, करंजी, पुरणपोळी, शेवयांची किंवा गव्हल्यांची खीर, लापशी हे तर उघडच आहे. रवाही गव्हाचाच, त्यामुळे शिरा आणि रव्याचे लाडू बाद. खपली गहू ‘हलका’ म्हणून दिला जातो, पण त्यातही ग्लूटेन असते.

खरी गोम न दिसणाऱ्या गव्हात आहे. बाजारातील बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो. त्यामुळे चिवडा, कटाची आमटी, भाजी, कोशिंबिरीची फोडणी असे सगळेच पदार्थ अडचणीत येतात. तांदळाच्या पिठातील हिंगही मिळतो, मात्र डब्यावरचे घटक वाचावे लागतात. पाकीटबंद पदार्थांवर ग्लूटेनयुक्त धान्यांचा उल्लेख करणे बंधनकारक आहे. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतोच, काही घरांत चकलीच्या भाजणीतही घालतात. बेसनाचा लाडू रवाळ व्हावा म्हणून थोडा रवा घातला जातो. हे विचारल्याशिवाय कळत नाही.

गिरणी आणि कढईचे काय?

तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, हरभरा डाळ यांत ग्लूटेन नाही. पण गिरणीत गव्हानंतर लगेच तांदूळ दळले, तर जात्यात उरलेले गव्हाचे पीठ त्यात मिसळते. म्हणून या रुग्णांसाठीचे पीठ घरच्या मिक्सरवर किंवा गव्हासाठी न वापरलेल्या घरघंटीवर दळणे बरे.

करंज्या तळलेल्या तेलातच चकल्या तळल्या, कणकेच्या पोळपाटावर भाकरी थापली, शंकरपाळ्यांच्या डब्यात अनारसे ठेवले, तरी तोच प्रश्न उभा राहतो. उपाय सोपा आहे आणि त्याला खर्चही नाही. रुग्णाचे पदार्थ सर्वांत आधी, स्वच्छ भांड्यांत आणि ताज्या तेलात करायचे, वेगळ्या डब्यात भरायचे, गव्हाचे काम नंतर काढायचे.

मग ताटात काय वाढता येईल?

बरेच काही. तांदळाच्या उकडीचे मोदक (पिठीत मैदा नसल्याची खात्री करून), अनारसे, रवा न घातलेले बेसनाचे लाडू, पोह्यांचा चिवडा, तांदूळ आणि डाळींच्या भाजणीची चकली, नारळाच्या वड्या, श्रीखंड, तांदळाची खीर. पुरणपोळीच्या दिवशी पोळ्या लाटायला घेण्याआधीच थोडे पुरण बाजूला काढून ठेवले, तर वाटीत तूप घालून तेच वाढता येते.

सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा असतो. तो नाकारणे रुग्णाला अवघड जाते, विशेषतः मुलांना. अशा वेळी आधी सांगून ठेवलेले केळे, नारळ किंवा साखरफुटाणे हातावर ठेवले, की प्रसादही मिळतो आणि चारचौघांत खुलासे द्यावे लागत नाहीत.

आग्रह कसा थांबवायचा?

याचे उत्तर आपल्याच स्वयंपाकघरात आहे. ‘माझा उपवास आहे’ म्हटले, की मराठी घरात कुणी ‘एक पोळी खा, काही होत नाही’ म्हणत नाही. उलट ‘हे उपवासाला चालते का?’ असे विचारून वेगळी कढई चढवली जाते, दाण्याचे कूट वेगळे ठेवले जाते, चमचाही इकडचा तिकडे जाऊ दिला जात नाही. सिलिअ‍ॅकच्या रुग्णाला हवी असते ती हीच शिस्त. शिवाय साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, रताळे या उपवासाच्या पदार्थांत मुळातच ग्लूटेन नसते. तयार पिठे घेताना तेवढे मिश्रण तपासायचे.

पाहुणे म्हणून जायचे असेल, तर दोन दिवस आधी फोन करून ‘हिंग आणि गहू नसलेले काय असेल?’ एवढेच विचारावे आणि एक डबा सोबत न्यावा. यजमानांनी तो डबा अपमान मानू नये. मुलाच्या बाबतीत हे बोलणे आई-वडिलांनी, शक्यतो आजी-आजोबांशी, सणाआधीच करावे. पंगतीत पान वाढल्यावर ही चर्चा निघाली, की नकार द्यायची वेळ त्या मुलावर येते.