मुलाचे उत्तर ऐकणारे तंत्रज्ञान

पुण्यात १९८४ साली शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारी बालचित्रवाणी ही संस्था सुरू झाली, तेव्हापासून महाराष्ट्राच्या शाळांत तंत्रज्ञान लाटेलाटेने येत राहिले आहे. आधी दूरदर्शनवरचे शैक्षणिक कार्यक्रम आले, मग संगणक आले. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला, त्या सुमारास जिल्हा परिषदेच्या ‘डिजिटल शाळां’ची चळवळच उभी राहिली. गावोगावच्या लोकांनी वर्गणी काढून शाळेला प्रोजेक्टर, एलईडी टीव्ही आणि टॅब घेऊन दिले. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांवरही ते कोड आले आणि २०२० साली डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. २०१७मध्ये केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे डिजिटल शिक्षणाचे व्यासपीठ सुरू झाले, आणि त्याच वर्षी बालचित्रवाणी बंद झाली. करोनाकाळात सह्याद्री वाहिनीवरची ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका घराघरांत पोहोचली. या सगळ्यामागे शिक्षकांचे खरे कष्ट आहेत आणि गावकऱ्यांचा खरा पैसा आहे. म्हणूनच त्याचा हिशेब नीट मांडायला हवा. आजवर आपण तो उपकरणांच्या संख्येत मांडत आलो: किती शाळा डिजिटल झाल्या, किती टॅब वाटले, किती व्हिडिओ तयार झाले. मुलांपर्यंत काय पोहोचले हे त्यातून कळते. मुलाकडून काय परत आले, ते कोणी पाहिले आणि पाहून पुढे काय केले, हे त्यातून कळत नाही. माझ्या मते वर्गातल्या तंत्रज्ञानाचे यशापयश या दुसऱ्या प्रश्नावर ठरते, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांतले संशोधन याच दिशेने बोट दाखवते.

तंत्रज्ञानाची बाजू मांडताना पहिला मुद्दा येतो तो मुलांच्या रमण्याचा. पडदा लागला की वर्ग शांत होतो आणि मुले टक लावून पाहतात, हे खरे आहे. पण रमणे आणि शिकणे यांतले अंतर मोजणारे प्रयोग झाले आहेत. हार्वर्ड विद्यापीठात लुई देलोरिए आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एका गटाने उत्तम वक्त्याचे सफाईदार व्याख्यान ऐकले, दुसऱ्याने तोच भाग स्वतः उदाहरणे सोडवत, धडपडत शिकला. आपल्याला जास्त समजले असे व्याख्यान ऐकणाऱ्यांना वाटले. चाचणीत मात्र धडपडणारे पुढे होते. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी २००६मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी दाखवले होते, की मजकूर पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांना तो लगेच घेतलेल्या चाचणीत चांगला आठवतो, पण आठवडाभराने तो अधिक आठवतो ते मध्ये स्वतःची परीक्षा घेतलेल्यांना. हे प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचे आहेत. पण डोक्याला ताण देऊन आठवावे लागते तेव्हा ज्ञान पक्के होते, हा त्यांचा निष्कर्ष शाळेलाही लागू पडतो. सुंदर ॲनिमेशन पाहून मुलाला ‘कळले’ असे वाटते, शिक्षकालाही तसेच वाटते, आणि दोघेही पुढच्या धड्याकडे वळतात. इथेच फसगत होते.

केवळ उपकरण देऊन काय होते याचा सर्वांत मोठा धडा पेरू देशाने दिला. तिथल्या सरकारने ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेखाली आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. ३१९ ग्रामीण शाळांचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला तेव्हा, सुमारे पंधरा महिन्यांनंतर, गणित आणि भाषा या विषयांत काही फरक आढळला नाही. श्रीमंत देशांतही चित्र फारसे वेगळे नव्हते. शाळांच्या संगणकीकरणावर भरपूर खर्च करणाऱ्या देशांच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीतल्या गुणांत त्यामुळे उल्लेखनीय सुधारणा झाली नाही, असे ती चाचणी घेणाऱ्या ओईसीडी या संघटनेने २०१५ साली नोंदवले.

मग यश कुठे मिळाले? आपल्या शेजारी, वडोदऱ्यात. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी तिथल्या महापालिका शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले. एका संगणकावर दोन मुले बसत आणि मूल जसे उत्तर देईल तशी पुढच्या उदाहरणांची काठिण्यपातळी बदले. दुसऱ्या वर्षाअखेर गणितातली प्रगती ०.४७ प्रमाण विचलन इतकी होती. शिक्षणातल्या प्रयोगांत ०.२ हा फरकही दखलपात्र मानतात. पण प्रयोग संपल्यानंतर वर्षभरात यातला बराचसा फायदा विरला, हेही त्याच अभ्यासात नोंदले आहे. म्हणजे ही एकदा टोचायची लस नव्हे. सराव चालू ठेवावा लागतो. त्याहून बोलका आहे ली लिंडेन यांचा गुजरातमधल्याच ‘ग्यानशाला’ संस्थेच्या वर्गांतला अभ्यास. एकच सॉफ्टवेअर दोन पद्धतींनी वापरले गेले. शाळेच्या वेळेत, शिक्षकाच्या शिकवण्याऐवजी ते वापरले तिथे मुले ०.५७ प्रमाण विचलनाने मागे पडली; शाळेनंतर जोड म्हणून वापरले तिथे ती ०.२८ने पुढे गेली. यंत्र तेच आणि आशय तोच असताना त्याला दिलेल्या जागेने निकाल उलटा केला. दिल्लीत माइंडस्पार्क या सॉफ्टवेअरवर मुरलीधरन, सिंग आणि गानिमियन यांनी केलेला, २०१९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास कारणाच्या आणखी जवळ नेतो. त्यातली सहावीची मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती आणि नववीपर्यंत हे अंतर साडेचार इयत्तांवर गेले होते. अशा वर्गात पाठ्यपुस्तकाच्या वेगाने शिकवणारा शिक्षक कितीही तळमळीचा असला, तरी बहुतेकांच्या डोक्यावरून बोलत असतो. सॉफ्टवेअरने प्रत्येक मूल कुठे अडले ते शोधून तिथून सुरुवात केली, जोडीला लहान गटांत माणसाचे साहाय्य होते, आणि साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ची प्रगती झाली.

या यशस्वी प्रयोगांतला समान धागा असा, की त्यांत मुलाला उत्तर द्यावे लागते आणि त्या उत्तरावर पुढची पायरी ठरते. यासाठी महागडे डिजिटल पॅनल लागतेच असे नाही. बोट्सवानात टाळेबंदीच्या काळात काही पालकांना आठवड्याला गणिताचे एसएमएस पाठवले गेले आणि काहींना त्यासोबत पंधरा-वीस मिनिटांचा फोनही केला गेला. नुसत्या एसएमएसने विशेष काही साधले नाही. फोनवर कोणीतरी मुलाचे उत्तर ऐकले तिथे गणित सुधारले. हार्वर्डच्या एरिक मझूर यांनी १९९१पासून वापरलेली पद्धतही याच जातीची आहे: एक नेमका प्रश्न, प्रत्येकाचे स्वतंत्र मत, मग शेजाऱ्याशी चर्चा आणि पुन्हा मत. आता प्लिकर्ससारख्या साधनाने हे छापील कार्डांवरही होते. मूल आपले कार्ड अ, ब, क किंवा ड पर्यायाप्रमाणे फिरवून धरते आणि शिक्षकाचा एकच मोबाइल सर्वांची उत्तरे टिपतो. हातच्याच्या वजाबाकीत निम्मा वर्ग वरच्या अंकातून खालचा वजा करण्याऐवजी मोठ्यातून लहान वजा करतो आहे, हे शिक्षकाला त्याच तासाला दिसते. हात वर करणाऱ्या पाच-सहा हुशार मुलांवरून वर्गाचा अंदाज बांधण्याची वेळ येत नाही.

यावर काही आक्षेप येतात आणि ते गंभीर आहेत. पहिला असा, की पडद्याच्या आकर्षणाने मुले शाळेत येतात, पालकांचा जिल्हा परिषदेच्या शाळेवरचा विश्वास वाढतो. हे फळ लहान कसे? ते लहान नाही. पण शाळेत आलेले मूल वाचायला शिकले नाही तर तो विश्वास टिकत नाही. दुसरा आक्षेप असा, की काही गोष्टी दाखवाव्याच लागतात: हृदयाची झडप, ज्वालामुखी, अणूंची हालचाल. हे मान्यच आहे. कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ ही आभासी प्रयोगांची मालिका मराठीतही आहे आणि ती गुणकारी ठरू शकते. कारण तिथे मूल पाहता पाहता स्वतः विद्युतमंडल जोडते, दिवा का लागला नाही याचा विचार करते. तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे: वाडीवस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत दोन शिक्षक चार-पाच इयत्ता सांभाळतात, तिथे यंत्राने शिक्षकाची जागा घेतली तर बिघडले कुठे? लिंडेन यांचा अभ्यास इथे सावध करतो. यंत्राने एका इयत्तेला सराव द्यावा आणि तेवढ्या वेळात शिक्षकाने दुसऱ्या इयत्तेसोबत बसावे, ही जोड योग्य आहे. पण रिक्त पदांना उत्तर म्हणून टीव्ही लावणे म्हणजे ज्या मुलांना माणसाची गरज सर्वाधिक, त्यांच्यापासूनच माणूस काढून घेणे. आणि मुलांना डिजिटल जगाची ओळख व्हायला हवी, या म्हणण्याला ‘असर २०२४’ या शैक्षणिक सर्वेक्षणाचे उत्तर पुरेसे आहे. ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो समाजमाध्यमांसाठी वापरला, अभ्यासासाठी ५७ टक्क्यांनी. ओळख घरीच झाली आहे. शाळेने शिकवायचा तो त्याचा विचारपूर्वक वापर.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नव्या लाटेलाही हीच कसोटी लावावी. तुर्कस्तानात सुमारे हजार माध्यमिक विद्यार्थ्यांना गणिताच्या सरावासाठी जीपीटी-४ दिले गेले. ज्यांना ते सरळ उत्तरे देत होते त्यांचे सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले. पण मदत काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा ते इतरांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे राहिले. शिक्षकांच्या सूचनांनुसार फक्त इशारे देणाऱ्या आवृत्तीत हा तोटा जवळजवळ झाला नाही. मुलाच्या वतीने उत्तर देणारे यंत्र त्याचे शिकणेच हिरावून घेते.

तेव्हा महाराष्ट्राने पुढचा पैसा कुठे घालावा, याचे उत्तर अवघड नाही. प्रत्येक खरेदीपूर्वी विचारावे: यातून मुलाचे उत्तर शिक्षकापर्यंत पोहोचेल का, आणि पोहोचले तर त्यावर काही करायला शिक्षकाकडे वेळ असेल का? मराठीत, आणि गोंडी, कोरकू, भिली बोलणाऱ्या मुलांना समजेल अशा भाषेत, नेमक्या चुका उघड करणाऱ्या प्रश्नांच्या पेढ्या तयार कराव्यात. आज व्हिडिओंचा सुकाळ आहे, अशा प्रश्नांचा दुष्काळ. शाळांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत ॲपच्या प्रशिक्षणाऐवजी मुलांची चुकलेली उत्तरे समोर ठेवून चर्चा व्हावी. माहिती भरण्याच्या कामांतून शिक्षकाला मोकळे करावे. शाळेचे वीजबिल आणि दुरुस्ती यांची तरतूद खरेदीबरोबरच करावी, म्हणजे लोकवर्गणीतून आलेला टीव्ही भिंतीवर बंद पडून राहणार नाही. आणि वर्षाअखेरच्या अहवालात किती उपकरणे दिली या रकान्याआधी एक रकाना असावा: वर्षाच्या सुरुवातीला वाचता न येणारी किती मुले आता वाचतात. तो रकाना भरता येत नसेल, तर बाकीचे आकडे कितीही मोठे असले तरी त्या खर्चाचे समर्थन होऊ शकत नाही.