एकोणचाळीस डॉलर, साठ सेंट

फेब्रुवारी १९३४. अमेरिका महामंदीत पिचलेली. त्या दिवसांत कोलंबिया या तेव्हा दुय्यम समजल्या जाणाऱ्या स्टुडिओचा 'इट हॅपन्ड वन नाइट' पडद्यावर आला. बापाच्या मनाविरुद्ध लग्न केलेली श्रीमंताघरची एली त्याच्या बोटीवरून समुद्रात उडी टाकते आणि मायामीहून न्यूयॉर्कची बस धरते. बसमध्ये भेटतो पीटर, नुकतीच नोकरी गेलेला बातमीदार. पुढचं कथानक 'चोरी चोरी' (१९५६) आणि 'दिल है के मानता नहीं' (१९९१) यांनी आपल्याला पाठ करून दिलंय.

या प्रेमकथेचा कणा आहे पैशांचा हिशेब. एलीची बॅग वाटेतच चोरीला जाते. तरी बसमध्ये ती चॉकलेटचा डबा घ्यायला निघते, तेव्हा पीटर तिला अडवतो आणि यापुढे मोजूनमापून खर्च करायचा, असं बजावतो. पावसामुळे बस अडकते. दोन खोल्या परवडणार नाहीत म्हणून दोघं नवरा-बायको असल्याचं सांगून एकच खोली घेतात. मधे दोरी, दोरीवर घोंगडी. पीटर तिला बायबलमधल्या जेरिकोच्या तटाचं नाव देतो. पलीकडून एली एकेक कपडा त्या घोंगडीवर टाकते आणि अलीकडे पीटरचा धीर सुटत जातो. शेवटी तोच तिला ते कपडे काढून घ्यायला सांगतो. एवढ्याशा घोंगडीवर दिग्दर्शक फ्रँक कॅप्राने जी ओढ उभी केली, ती नंतरच्या कित्येक उघड्यावागड्या प्रसंगांना साधलेली नाही.

बसमध्येच एक बाई उपाशीपोटी बेशुद्ध पडते. तिकिटातच सगळे पैसे संपले, असं तिचा मुलगा रडत सांगतो आणि या दोघांकडची उरलीसुरली नोट त्याच्या हातात जाते. सुखवस्तू मुलीला भूक म्हणजे काय ते इथे कळतं. हिंदी अवतारांत मला नेमकी हीच धग कमी वाटते.

१९३५च्या ऑस्करमध्ये चित्रपट, दिग्दर्शन, पटकथा, नायक क्लार्क गेबल आणि नायिका क्लॉडेट कोल्बेर, अशी पाचही मुख्य पारितोषिकं या एकाच सिनेमाला मिळाली. असं प्रथमच घडलं. रॉबर्ट रिस्किनच्या पटकथेचं मोल शेवटाकडे खरं कळतं. मुलीला शोधून देणाऱ्याला बापाने दहा हजार डॉलरचं बक्षीस लावलेलं असतं. पीटर येतो तो फक्त ३९ डॉलर ६० सेंट मागायला. रोख खर्च ८.६०, कोट १५, बॅग ७.५०, हॅट ४, तीन शर्ट ४.५०. पेट्रोलसाठी त्याने या वस्तू विकलेल्या असतात. बक्षिसाला तो हातही लावत नाही.

बाप हे एलीच्या कानात सांगतो ते थेट त्याच पहिल्या नवऱ्याशी समारंभाने पुन्हा लग्न लावायला लग्नवेदीकडे चालताना. पीटर माणूस चांगला आहे, पळ, म्हणतो. फाटकाशी गाडीही त्यानेच उभी करून ठेवलेली असते.