ओटीपी न मागता गेलेले पैसे

२० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्यात पीएम विश्वकर्मा योजनेच्या वर्षपूर्तीचा राष्ट्रीय कार्यक्रम झाला. पंतप्रधान आले, लाभार्थ्यांना प्रमाणपत्रे आणि कर्जे दिली गेली, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत फोटो झळकले. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, चर्मकार, टोपल्या-झाडू विणणारे अशा १८ व्यवसायांसाठी ही योजना आहे. अवजारांसाठी १५ हजारांपर्यंतचे साहाय्य आणि दोन टप्प्यांत मिळून तीन लाखांपर्यंतचे पाच टक्के व्याजाचे कर्ज, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. तिच्यातली एक बारीक तरतूद मात्र चर्चेत येत नाही. कारागिराने डिजिटल व्यवहार केला, की दर व्यवहारामागे त्याला एक रुपया मिळतो, महिन्याला शंभर व्यवहारांपर्यंत. म्हणजे महिन्याचे फार तर शंभर रुपये. रक्कम किरकोळ असली तरी धोरण त्यातून उघड दिसते. बुरुडाने आणि कुंभारानेही आता फोनवरून गिऱ्हाईक घ्यावे, फोनवरच पैसे घ्यावेत, असे सरकारला वाटते. वाटण्यात गैर काही नाही. पण बाजारात आलेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा दिसतो, फोनवरच्या गिऱ्हाइकाचा दिसत नाही. कारागिराला फोनवरच्या फसवणुकीपासून वाचवायचे, तर सरकारी जाहिरातींपेक्षा त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कारागिराचा अनुभव जास्त उपयोगी पडतो, असे मला वाटते. आणि हा अनुभव सांगण्या-ऐकण्याची सोय आपण अजून नीट केलेली नाही.

कारागिराची फसवणूक होते कशी, हे जरा जवळून पाहू. बांबूच्या परड्या विणणाऱ्या एखाद्या बाईच्या मुलाने त्यांचे फोटो फेसबुकवर टाकले, खाली नंबर दिला. दोन दिवसांनी फोन येतो. बोलणारा हिंदीत बोलतो, नम्र असतो, आर्मीत असल्याचे सांगतो. पन्नास परड्या हव्यात, भाव तुम्ही म्हणाल तो. खरे तर इथेच कान टवकारायला हवेत, कारण परडी घेताना घासाघीस न करणारे गिऱ्हाईक आजवर कुणी पाहिलेले नाही. मग तो ओळखपत्राचा फोटो पाठवतो, कॅन्टीन कार्डाचा पाठवतो. वर्धा जिल्ह्यात पुलगावला लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. ‘नुकतीच बदली झाली, घर लावायचे आहे’ असे कुणी म्हटले तर इथे ते मुळीच विचित्र वाटत नाही. पुढे तो म्हणतो, आमच्या खात्यातून पैसे वेगळ्या पद्धतीने येतात, मी स्कॅनर पाठवतो, आधी पाच रुपयांचे करून बघा. पाच रुपये जातात आणि लगेच दहा परत येतात. विश्वास बसतो तो या दहा रुपयांवर. मग दुसरा स्कॅनर येतो, त्यात रक्कम आधीच भरलेली असते: इसाराचे पाच हजार. ‘स्कॅन करा आणि पिन टाका, लगेच जमा होतील.’ पिन टाकला की पाच हजार जमा होण्याऐवजी खात्यातून जातात. फोन केला तर तो म्हणतो, अरेरे, तांत्रिक गडबड झाली, पुन्हा एकदा करा, दोन्ही मिळून परत येतील. कित्येक जण दुसऱ्यांदाही करतात. गेलेले पैसे परत आणण्याची घाई माणसाला पहिल्या लोभापेक्षा जास्त आंधळी करते.

या सगळ्या संभाषणात ओटीपीचा उल्लेख एकदाही आलेला नाही. गेली काही वर्षे बँकांनी, पोलिसांनी, टीव्हीवरच्या नटांनी आपल्याकडून एकच वाक्य पाठ करून घेतले: ओटीपी कुणाला सांगू नका. ते वाक्य खरे आहे आणि त्याने अनेकांचे पैसे वाचलेही असतील. पण ते मुळात बँकेत ठेव असलेल्या, क्रेडिट कार्ड वापरणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून घडलेले आहे. परड्या विकणाऱ्या बाईने ते तंतोतंत पाळले, तरी तिचे पाच हजार गेलेच. तिला वेगळे वाक्य हवे होते: पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. शिंप्याला आणखी तिसरेच हवे. ‘मोफत शिलाई मशीन योजना’ या नावाचे संदेश वर्षानुवर्षे फिरत आहेत. ते खोटे असल्याचे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने एकदा नव्हे, वारंवार सांगितले, तरी दर हंगामात ते नव्या लिंकसह परत येतात. खरी योजना आणि खोटी योजना यांची नावे एकमेकांना इतकी चिकटून असतात, की ‘लिंक उघडू नका’ हा सल्ला शिंप्याच्या कामाचा राहत नाही. त्याला हवी असते नेमकी माहिती: विश्वकर्माची नोंदणी सेवा केंद्रावर होते आणि तिला पैसे लागत नाहीत; ‘फाइल पुढे सरकवायला’ फी मागणारा लबाड आहे. संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात देशात सायबर फसवणुकीत सुमारे २२,८४५ कोटी रुपये गेले. आदल्या वर्षी हा आकडा साडेसात हजार कोटींच्या आत होता. जनजागृतीची रेलचेल असतानाच्या काळात नुकसान तिप्पट झाले. सगळा दोष जागृतीवर टाकणे अन्यायाचे होईल, पण एकच औषध सगळ्या रोगांवर चालत नाही एवढे तरी यावरून कळावे.

फसवणाऱ्याची बोली दर महिन्याला बदलते, हीही अडचण आहे. व्यक्तीने व्यक्तीकडे यूपीआयवरून पैशांची ‘मागणी’ पाठवण्याची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, कारण तिचाच सर्रास गैरवापर होत होता. उपाय चांगला होता. पण स्कॅनरचा डाव चालूच राहतो, पैसे जमा झाल्याचा बनावट संदेश पाठवून ‘चुकून जास्त आले, परत करा’ म्हणणारे चालूच राहतात, आणि लग्नपत्रिका म्हणून फोनमध्ये भलतेच अॅप उतरवणारी फाइल येतेच. भित्तिपत्रक छापून तालुक्याला पोहोचेपर्यंत डाव बदललेला असतो. ज्याला काल फोन आला त्याने आज सांगितले, तरच वेग जुळतो.

कारागिराने कारागिराला सांगण्याची ही रीत वर्ध्याला नवी नाही. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी त्याचा कारभार चालवला. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, भातसडाई, वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप, असले प्रयोग तिथे झाले. पण मला महत्त्वाचे वाटते ते प्रयोगांइतकेच त्यांचे उघडेपण. संघाची ‘ग्रामोद्योग पत्रिका’ हे मासिक कारागिरीची माहिती सर्वांपुढे ठेवत असे. झवेरभाई पटेलांनी सुधारलेली घाणी ‘वर्धा घाणी’ म्हणून देशभर ओळखली गेली. ती कुणी कुलूपबंद ठेवली असती तर हे घडले नसते. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी मगन संग्रहालयाचे उद्घाटन केले, तेही काचेआड वस्तू ठेवण्यापुरते नव्हते. कारागिराने यावे, पाहावे, आपल्या गावी जाऊन करावे, हा हेतू होता. घाणीचा खुंटा का झिजतो हे शहाण्या माणसाने घाणी चालवणाऱ्यालाच विचारावे. फोनवरून पैसे कसे गेले, हे विचारायलाही वेगळ्या तज्ज्ञाची वाट पाहण्याचे कारण नाही.

अडचण एवढीच, की घाणी बिघडल्याची कुणाला लाज वाटत नाही. पैसे गेल्याची वाटते. घरात बोलणी बसतील, गटात हसतील, ‘एवढे शिकून कसे फसलात’ म्हणतील, म्हणून माणूस गप्प राहतो. त्याच्या गप्प राहण्यावर फसवणाऱ्याचा पुढचा आठवडा चालतो, कारण तोच डाव तो शेजारच्या गावात तसाच्या तसा खेळू शकतो. ही लाज मोडायला वर्धा जिल्ह्यात जागा आहे: बचत गटाची बैठक. ‘उमेद’ अभियानातल्या गटांना नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब ही पंचसूत्री तोंडपाठ असते. गावोगाव जाऊन नवे गट बांधणाऱ्या अनुभवी महिलांना तिथे ‘वर्धिनी’ म्हणतात. त्यांचे शिकवणे आपला अनुभव सांगूनच चालते. एका बाईने दुसऱ्या गावच्या बाईला ‘मी कर्ज घेतले, फेडले, तुम्हीही घ्या’ असे सांगायचे, यावर हे सगळे काम उभे आहे. त्याच बैठकीत, हिशोब वाचून झाल्यावर, ‘या आठवड्यात कुणाला कसला फोन आला?’ हा प्रश्न विचारायला पैसा लागत नाही. फसलेलीच बाई सांगेल असे नाही. जी वाचली तिने आधी सांगावे, मग फसलेलीला तोंड फुटते. आणि सांगायचे ते नेमके: फोन करणारा काय म्हणाला, त्याने काय पाठवले, फोनच्या पडद्यावर काय दिसत होते, बोट कुठे दाबले. ‘सावध राहा गं बायांनो’ यातून कुणी काही शिकत नाही.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा, की लोकांनी लोकांना दिलेले सुरक्षेचे सल्ले महाराष्ट्रात जिवावरही उठले आहेत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, सावध राहा, हे संदेश तेव्हा फोनाफोनी फिरत होते. पाठवणाऱ्यांतल्या बहुतेकांना आपण शेजाऱ्याचे भलेच करतो आहोत असे वाटत असणार. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात संदेश पुढे पाठवण्यावर पाच चॅटची मर्यादा घातली. हा आक्षेप मी झटकून टाकू शकत नाही. पण त्या संदेशांत काय नव्हते, ते पाहावे. ज्याच्यावर प्रसंग गुदरला असा माणूस त्यात नव्हता, ठिकाण नव्हते, वेळ नव्हती. होती ती भीती आणि ‘पुढे पाठवा’ ही विनंती. बैठकीत समोर बसलेली बाई ‘परवा दुपारी मला असा फोन आला’ म्हणते तेव्हा तिला चार उलट प्रश्न विचारता येतात. म्हणून गटाने एक शिस्त पाळावी: स्वतःवर किंवा ओळखीच्या माणसावर आलेला प्रसंगच सांगायचा, आलेला संदेश वाचून दाखवायचा नाही. शिवाय माणसांच्या वर्णनापेक्षा डावाचे वर्णन करायचे. ‘हिंदी बोलणारा’ ही काही फसवणुकीची खूण नव्हे. ‘पैसे घ्यायला पिन टाका’ ही आहे.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे: हे काम बँकेचे आणि पोलिसांचे, ते गरिबाच्या गळ्यात का? आक्षेप रास्त आहे. बँकांवर जबाबदारी टाकणारे रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक आहे. खातेदाराची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि खातेदाराने तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर त्याला भुर्दंड पडत नाही. मात्र खातेदाराच्या हलगर्जीपणाने पैसे गेले, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. आपल्या हाताने पिन टाकलेल्या कारागिराला हे परिपत्रक फारसे वाचवत नाही. माझ्या मते नियमाची ही बाजू बदलायला हवी. पण ती बदलेपर्यंत पैसे जाऊच न देणे हाच त्याचा विमा आहे. पोलिसांचेही तेच. १९३० या क्रमांकावर लगेच फोन केला तर पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवता येतात. उशीर झाला की हात रिकामे. ‘लगेच’ फोन करण्यासाठी तो क्रमांक आधी ठाऊक हवा आणि आपण फसलो हे कबूल करायची तयारी हवी. दोन्ही गोष्टी चौकीत मिळत नाहीत, शेजारपाजारी मिळतात. पैसे असे अडवण्याची एक उलटी बाजूही आहे, ती कारागिरांपर्यंत पोहोचलेली नाही. फसवणुकीचे पैसे फिरत फिरत प्रामाणिक विक्रेत्याच्या खात्यात आले, तर त्याची रक्कम किंवा खातेही गोठू शकते. म्हणून अनोळखी गिऱ्हाइकाच्या ऑर्डरची नोंद, त्याचा नंबर, माल पाठवल्याची पावती जपून ठेवावी. ‘तुझ्या खात्यावर पैसे घे, दोन टक्के तुला’ म्हणणाऱ्याला, तो ओळखीचा असला तरी, दारातूनच परत पाठवावे.

मग या भानगडीत पडायचेच कशाला, आठवडी बाजार काय वाईट, असेही कुणी म्हणेल. बाजार वाईट नाहीच. पण समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, ते तिचे नाव लांबच्या गिऱ्हाइकापर्यंत जावे म्हणूनच. खादीचे, बांबूचे, मातीचेही तेच आहे. चांगला भाव देणारे गिऱ्हाईक पुण्या-बंगळुरात बसले असेल, तर त्याच्याशी बोलायचा रस्ता फोनमधूनच जातो, आणि चोरही त्याच रस्त्याने येतात. रस्ता सोडण्यात कारागिराचेच नुकसान आहे. एकमेकांना सांगितले तर स्पर्धकाचा फायदा होतो, ही धास्ती मात्र मला पोकळ वाटते. शेजारच्या शिंप्याचे पाच हजार बुडाल्याने कुणाच्या मशीनवर एक टाका जास्त पडलेला नाही.

तेव्हा गटाच्या अध्यक्ष-सचिवांना, ग्रामसंघाच्या ताईंना, कारागीर संघटनांच्या कार्यकर्त्यांना विनंती एवढीच: पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात हा विषय घ्या, सांगणाऱ्या बाईचे नाव लिहू नका, डाव मात्र सविस्तर लिहा, आणि वहीच्या पहिल्या पानावर १९३० हा आकडा ठळक काढून ठेवा.