विश्लेषण : पायथनचा प्रोग्रॅम चालतो, मग नियम कशाला?

बिलाच्या एकूण रकमेतून एकदाच ५० रुपये सूट वजा करायची आहे. ती ओळ चार स्पेस आत सरकून लूपमध्ये गेली, तर तीन वस्तूंच्या बिलातून १५० रुपये कमी होतात. प्रोग्रॅम सुरळीत चालतो, एरर येत नाही. फक्त हिशेब चुकतो. अशी चूक माणसाच्या नजरेलाच पकडावी लागते.

‘पीईपी ८’ म्हणजे काय?
पायथनचे जनक गुइडो व्हॅन रॉसम यांनी सहकाऱ्यांसह २००१ मध्ये तयार केलेली ही लेखननियमावली. कोड लिहिला जातो त्याहून कितीतरी अधिक वेळा वाचला जातो, हे तिचे सूत्र.

नियम कोणते?
प्रत्येक पातळीला चार स्पेस. ओळ ७९ अक्षरांपर्यंत. फंक्शनचे नाव लहान अक्षरांत, शब्दांमध्ये अंडरस्कोअर. क्लासच्या नावात प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे. लहान ‘एल’, मोठा ‘ओ’ किंवा मोठा ‘आय’ यांचे एकाक्षरी नाव टाळावे. काही फॉन्टमध्ये ती अक्षरे आणि एक-शून्य हे आकडे सारखेच दिसतात.

हे बंधनकारक आहे का?
नाही. प्रोजेक्टचे स्वतःचे नियम असतील तर आधी ते पाळावेत. केवळ नियमासाठी जुन्या कोडशी असलेली सुसंगतता मोडू नये, असे ही नियमावलीच सांगते. मात्र नवा कोड लिहिताना ती पाळली, तर सहा महिन्यांनी तो उघडणाऱ्याला चुकलेली ओळ लवकर सापडते.