रुईच्या पानामागची अळी

धार जिल्ह्यातील अमझेऱ्यासारख्या माळव्यातील गावांत रुई बांधावर आपसूक उगवते. बिबळ्या कडवा या केशरी फुलपाखराची मादी रुईच्या कोवळ्या पानांवर, बहुधा खालच्या बाजूने, एकेक अंडे घालते. तीन-चार दिवसांत बाहेर पडणाऱ्या अळीवर काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि शिंगांसारखे दिसणारे तीन जोड काळे तंतू असतात. पान खाण्याआधी अळी शीर कुरतडून चीक गळू देते. चिकातले विष अंगात साठल्याने पक्षी तिच्या वाटेला सहसा जात नाहीत. म्हणूनच ती उघड्यावर बसते आणि नवख्यालाही चटकन सापडते.

लिंबाळी या फुलपाखराची अळी शोधायला मात्र डोळा तयार लागतो. लिंबू, बेल, कढीपत्त्यावरील ही अळी लहानपणी थेट पक्ष्याची विष्ठा वाटते. शेवटची कात टाकल्यावर हिरवी होते. डिवचल्यास डोक्यामागून दुभंगलेला अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते.

शोधताना कुरतडलेली पाने आणि खालच्या पानांवरच्या काळ्या लेंड्या पाहाव्यात. अळ्यांसाठी झाडे लावायची असतील, तर कढीपत्ता कुंडीतही पुरतो. बहावा लावल्यास पिवळसर भटक्या फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या येतात. तण म्हणून उपटल्या जाणाऱ्या टाकळ्यावर आणि घोळीवरही अळ्या वाढतात, त्यामुळे कोपऱ्यात थोडे तण राहू द्यावे. रोपवाटिकेतील रोपांवर कीटकनाशक मारलेले असू शकते. नवी पालवी फुटेपर्यंत त्यांवर अळ्या सोडू नयेत.